झाकून ठेवलेला रथ

आमचा एक जुना विद्यार्थी गेली वीस-एक वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात इंजिनियर म्हणून नोकरीस आहे. कॉलेजात असताना तो इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून वहीच्या समासात मोटारगाड्यांची चित्रे काढीत असे, आणि त्याबद्दल आम्ही त्यास एक-दोनदा चार शब्द सुनावलेही होते. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचे सविस्तर पत्र आले. ख्यालीखुशालीचा मजकूर संपल्यावर त्याने आपल्या गाडीची हकीकत लिहिली होती. होंडा कंपनीची एस-२००० या नावाची, २००२ साली बांधलेली, दोनच माणसे बसतील अशी उघड्या टपाची ही गाडी त्याने २००७ साली, लग्न होण्यापूर्वी, दुसऱ्या हाताने विकत घेतली. एकेचाळीस हजार मैल झाल्यावर त्याने ती चालविणे थांबविले. आज सहा वर्षे ती गॅरेजात कापडाखाली उभी आहे. महिन्यातून एकदा तो कापड काढतो, इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवतो आणि पुन्हा कापड घालतो.

पुढे त्याने विचारले होते : “सर, जपानी गाड्यांना हल्ली फार किंमत येऊ लागली आहे. ही माझी गाडीही पुढेमागे क्लासिक होईल, असे जाणते लोक म्हणतात. मुलगी सोळा वर्षांची झाली, तिला परवाना मिळाला, आणि तिला हीच गाडी चालवायला शिकायचे आहे. पण मैलागणिक किंमत उतरते. गाडी राखून ठेवू की तिच्या हाती देऊ? तुम्ही आम्हाला बेकनचे निबंध शिकवलेत; आता सांगा.”

ज्यांनी आयुष्यात एका स्कूटरपलीकडे वाहन बाळगले नाही, त्यांस हा प्रश्न विचारणे म्हणजे आंधळ्याकडून रंगाची पारख करून घेण्यापैकीच होय, असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु चार दिवस प्रश्न मनात घोळत राहिला, आणि मग ध्यानात आले की तो वाटतो तितका मोटारीचा नाही. एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे एवढ्यावरून तिचे आपण काही देणे लागतो काय, आणि लागत असल्यास ते तिला वापरून फिटते की जपून, असा तो प्रश्न आहे.

प्रथम गाडीविषयी दोन शब्द, कारण त्यावाचून पुढील विवेचन अधांतरी राहील. होंडा कंपनी १९४८ साली स्थापन झाली. तिला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने ही गाडी योजिली गेली आणि १९९९ साली ती बाजारात आली. २००९ पर्यंत ती निघत होती. एकंदर एक लाखाहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. हिचे इंजिन दोन लिटरचे, म्हणजे आकाराने अगदी सामान्य. परंतु ते मिनिटाला नऊ हजार फेरे घेई, आणि टर्बोच्या साहाय्यावाचून अडीचशे अश्वशक्ती देई. त्या काळची साधारण घरगुती गाडी साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास हात टेकीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या करामतीचे मोल कळेल. इंजिनातील झडपा उघडणारे उंचवटे दोन तऱ्हेचे आहेत. सहा हजार फेऱ्यांपर्यंत एक तऱ्हा काम करते, आणि त्याच्या सुमारास दुसरी कामास लागते. तिच्यामुळे झडपा अधिक खोल व अधिक वेळ उघडतात, आणि मग इंजिनाचा आवाज व स्वभाव दोन्ही बदलतात. आमचा विद्यार्थी लिहितो की सहा हजारांच्या खाली ही गाडी एखाद्या कारकुनासारखी निमूट चालते. तिच्यात काय आहे ते फक्त वरच्या तीन हजारांत कळते. महिन्यातून एकदा दहा मिनिटे जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनास ते वरचे तीन हजार कधीच दिसत नाहीत, हे त्याने लिहिले नव्हते. ते आम्हीच ताडले.

आता किमतीची गोष्ट. जपानी गाडी ही एके काळी काटकसरीची, हिशेबी माणसाची गाडी समजली जात असे. संग्राहकाच्या दिवाणखान्यात तिला स्थान नव्हते. या समजुतीला पहिला मोठा धक्का टोयोटाच्या २०००-जीटी या गाडीने दिला. यामाहाच्या सहकार्याने १९६७ ते १९७० या काळात तिच्या अवघ्या ३५१ प्रती निघाल्या, आणि २०१३ साली अमेरिकेतील एका लिलावात त्यांपैकी एकीस साडेअकरा लाख डॉलरांच्या वर किंमत आली. ही झाली दुर्मीळतेची गोष्ट, आणि ती समजण्यास सोपी आहे. परंतु डॅटसन २४०-झेड ही गाडी काही दुर्मीळ नव्हती. अमेरिकेत ती १९७० पासून सुमारे साडेतीन हजार डॉलरांस सर्रास विकली जाई. तरीही १९७१ सालची, जवळजवळ कोरी राहिलेली एक २४०-झेड जानेवारी २०२० मध्ये तीन लाख दहा हजार डॉलरांस गेली. निसानच्या स्कायलाइन जीटी-आर गाडीची कथा याहून चमत्कारिक आहे. १९८९ साली ती नव्या रूपाने निघाली, ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत तिने १९९१ व १९९२ अशी लागोपाठ जिंकली. परंतु अमेरिकेच्या सुरक्षाविषयक कायद्यात ती बसत नसल्यामुळे गाडीला पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत ती त्या देशात आणण्याची सामान्य माणसास सोय नव्हती. म्हणजे २०१४ उजाडेपर्यंत अमेरिकेतील तरुणांनी ही गाडी पाहिली ती छायाचित्रांत, आणि १९९७ साली निघालेल्या ‘ग्रॅन तुरिस्मो’ या खेळाच्या पडद्यावर. न पाहिलेल्या वस्तूची ओढ पाहिलेल्या वस्तूहून बळकट असते, हे आपल्या विरहकाव्याच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. २०२३ साली याच जातीतील पुढच्या पिढीची एक गाडी साडेतेरा लाख डॉलरांच्या वर गेली. ती २००९ च्या एका चित्रपटात दिवंगत नट पॉल वॉकर याने चालविली होती. तेथे गाडी विकली गेली म्हणण्यापेक्षा अवशेष विकला गेला म्हणणे अधिक बरोबर होईल.

गंमत अशी की मायभूमीत या वृद्धांचा असा सन्मान नाही. जपानात पेट्रोलच्या गाडीस तेरा वर्षे झाली की तिच्यावरील कर वाढतो. तिकडे म्हातारपणावर कर, आणि इकडे पंचवीस वर्षे झाली म्हणून उत्सव! गाडी तीच आहे. समुद्र तेवढा मध्ये आहे.

यावरून किंमत वस्तूत नसून घेणाऱ्याच्या मनात असते, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येईल. पण ती मनात तरी कोणाच्या असते? केन्स याने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर मुखड्यांतून सर्वांत सुंदर सहा कोणते हे ओळखावयाचे. परंतु बक्षीस ज्याची निवड बहुमताशी जुळेल त्यास. अर्थात शहाणा स्पर्धक आपणांस कोण सुंदर वाटते हे पाहात नाही. इतरांस कोण सुंदर वाटेल हेही तो पाहात नाही. इतरांस काय वाटेल याविषयी इतर काय अटकळ बांधतील, ही अटकळ तो बांधीत बसतो. “ही गाडी क्लासिक होईल काय?” हा प्रश्न नेमका या जातीचा आहे. तो विचारताना आमच्या विद्यार्थ्याने गाडीकडे पाहिलेच नव्हते. तो वीस वर्षांनंतरच्या एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहात होता.

आणि अशा अटकळीचे काय होते त्याचाही अनुभव जगाने घेतलेला आहे. १९८८ साली एन्झो फेरारी निवर्तला, आणि आधीच वर चढत असलेल्या त्याच्या गाड्यांच्या किमती आकाशास भिडल्या. दोन-तीन वर्षांत त्या अशा कोसळल्या की कर्ज काढून गाडी घेतलेल्या गृहस्थांच्या हाती गाडी राहिली आणि कर्जही राहिले. त्याच सुमारास, १९८९ च्या डिसेंबर अखेरीस, टोकियोचा शेअरबाजार कळसास पोहोचून पुढे उतरणीस लागला. आज ज्या जपानी गाड्यांवर लोक भाळले आहेत त्यांपैकी कित्येक त्या सुबत्तेच्या फुगवट्यातच कागदावर उतरल्या होत्या. कंपन्यांपाशी पैसा उदंड होता आणि इंजिनियरांचा हात धरणारे कोणी नव्हते. एका फुगवट्यात जन्मलेल्या वस्तूवर दुसरा फुगवटा उभा राहावा, हा योगायोग आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो. पण हा भाग अर्थशास्त्रज्ञांचा आहे. तेथे आम्ही रेंगाळत नाही.

आम्हांस खरे अडखळविले ते ‘क्लासिक’ या शब्दाने. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून आपल्याकडे हा प्रतिशब्द घरोघर झाला आहे. अभिजात म्हणजे कुलीन, चांगल्या कुळात जन्मलेला. म्हणजे या शब्दात योग्यतेचा निवाडा जन्माबरोबरच झालेला असतो. उलटपक्षी वाङ्मयातील क्लासिक हे काळाच्या कसोटीवर ठरते. डॉ. जॉन्सन याने १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांना प्रस्तावना लिहिताना या कसोटीची मुदत साधारणतः शंभर वर्षे धरली आहे. काळाची कसोटी म्हणजे तरी काय? तर पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो ग्रंथ वाचला, त्यावर भांडले, मुलांना शिकविला, आणि तरीही तो पुरून उरला. ‘मेघदूत’ हजारो हातांतून गेले म्हणून त्यातील एक मात्राही झिजली नाही. उलट प्रत्येक वाचकाने त्यात आपली भर घातली. ग्रंथाच्या बाबतीत सर्वांत अधिक वापरलेला तो अभिजात.

मोटारीच्या बाजारात हे तत्त्व नेमके उलटे फिरविलेले आहे. तेथे सर्वांत कमी वापरलेली ती सर्वांत मोलाची. ती २४०-झेड तीन लाखांस गेली, कारण पन्नास वर्षे तिने गाडीपणाचे कर्तव्य जवळजवळ केलेच नाही. सारांश, जी गाडी सर्वांत कमी गाडी झाली तिला गाडी म्हणून सर्वांत मोठा मान! आमच्या मते या साऱ्या व्यवहारातील नैतिक गाठ येथे आहे. कारण एस-२००० ची कीर्ती झाली ती कोणी केली? जे तरुण पगारातून हप्ते भरून तिला डोंगरी रस्त्यांवर नऊ हजार फेऱ्यांपर्यंत नेत, ज्यांनी तिचे टायर झिजविले, गिअर आदळले, प्रसंगी तिला खांबावर घातले, त्यांनी. त्यांनी चालविल्या म्हणून नाव झाले, आणि त्यांनी मोडल्या म्हणून उरलेल्या दुर्मीळ झाल्या. कापडाखाली ठेवणारा गृहस्थ या दोन्ही खर्चांचे उत्पन्न घरबसल्या घेतो. हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही; परंतु त्यात प्रतिष्ठेने मिरविण्यासारखे काय आहे, तेही आम्हांस दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, ग्रंथाची तुलना यंत्राशी करणे हा अन्याय आहे. ग्रंथ झिजत नाही, यंत्र झिजते, म्हणून ते कोणी तरी राखलेच पाहिजे. आक्षेप खरा आहे. सर्वांनीच चालविल्या तर शंभर वर्षांनी दाखविण्यास एकही उरणार नाही, आणि एखादी वस्तुसंग्रहालयात निश्चल राहण्यात आमचा मुळीच विरोध नाही. पण झिजणाऱ्या वस्तूचाही सन्मान दुसऱ्या तऱ्हेने करता येतो. पॅगानिनीचे व्हायोलिन इटलीतील जिनोआ शहराच्या ताब्यात आहे. १७४३ साली ग्वार्नेरीने बांधलेले हे वाद्य काचेआड असते खरे. तथापि त्याच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतील विजेत्याच्या हाती ते दिले जाते, आणि तो ते वाजवितो. पावणेतीनशे वर्षांच्या लाकडास तारांचा ताण सोसावा लागतो हे त्या नगरपालिकेस ठाऊक नाही काय? ठाऊक आहे, आणि न वाजणारे व्हायोलिन म्हणजे काय, हेही ठाऊक आहे.

झिजलेले सुटे भाग बदलावे म्हटले तर बाजार दुसरीच अडचण पुढे करतो. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक मूळचाच पाहिजे, रंग कारखान्यातलाच पाहिजे. नाही तर ती ‘खरी’ नव्हे. येथे आम्हांस ‘मिलिंदप्रश्न’ आठवल्यावाचून राहिला नाही. यवन राजा मिलिंद भिक्षु नागसेनास भेटावयास रथातून आला होता. नागसेनाने विचारले, महाराज, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दांडी, सांगाडा, यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्याला कबूल करावे लागले की या साऱ्यांच्या मेळास व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. राजाने चाक बदलले असते तर नागसेनाने त्याला रथ मानले नसते, असे वाटत नाही. जपानात तर इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने मुळाबरहुकूम पुन्हा उभारतात. २०१३ साली ते असेच नव्याने उभारले गेले. त्या देवालयास कोणी नकली म्हणत नाही, कारण तेथे टिकविले जाते ते लाकूड नसून बांधण्याचे ज्ञान व बांधणाऱ्यांची परंपरा होय. निसान कंपनीने २०१७ पासून जुन्या जीटी-आरसाठी सुटे भाग पुन्हा तयार करण्यास आरंभ केला आहे, यात आम्हांस त्याच वृत्तीचा अंश दिसतो. ज्या देशातून गाडी आली तेथील हा विचार गाडीबरोबर जहाजात चढला नाही, एवढेच.

येथवर विचार आल्यावर आम्ही विद्यार्थ्यास उत्तर लिहिले. उत्तर थोडे कडक झाले, हे कबूल करतो. तू लोभापायी लेकीचा हात अडवीत आहेस, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. सोबत आम्ही एक प्रश्न जोडला : समज, तुला कोणी लिहून दिले की हवे तितके मैल होऊ देत, किंमत एका डॉलरने उतरणार नाही, तर तू किल्ली तिच्या हाती देशील काय?

आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी आले ते दोन ओळींचे. “नाही देणार, सर. तरीही नाही.” आणि मग खाली, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेला, बराच मोठा मजकूर. या गाडीचा जोर मागच्या चाकांवर असतो. वळणावर मर्यादा ओलांडली की तिची मागील बाजू एकाएकी बाहेर फिरते. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी विजेची योजना अमेरिकेतील एस-२००० मध्ये २००६ सालापासून आली. त्याची गाडी २००२ ची. घेतल्यापासून दुसऱ्याच महिन्यात, पावसाच्या ओल्या रस्त्यावर, त्याची गाडी पुरी गरकन फिरून उलट्या तोंडाने थांबली होती. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हते, इतकेच. ही गोष्ट त्याने घरी आजपर्यंत सांगितली नव्हती. मुलीने गाडी मागितली तेव्हा त्याला ते वळण आठवले, आणि भीती वाटते असे म्हणण्याऐवजी त्याने किमतीचे कारण पुढे केले. कारण तो बापच एके काळी ती गाडी तशी हाकीत होता, हे सांगण्याची त्याला लाज वाटली.

आम्ही वरमलो. माणूस प्रेमाच्या पांघरुणाखाली लोभ झाकतो हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे, आणि त्याच चष्म्यातून आम्ही हे पत्र वाचले होते. येथे लोभाच्या पांघरुणाखाली प्रेम होते. हिशेबाची भाषा आजकाल इतकी सभ्य झाली आहे की भीतीलाही तिचाच आश्रय घ्यावा लागतो. “माझी गुंतवणूक आहे” म्हटले की कोणी पुढे विचारीत नाही. “मला तुझ्या जिवाची धास्ती वाटते” म्हटले की सोळा वर्षांची मुलगी शंभर प्रश्न विचारते, आणि ते विचारण्याचा तिला अधिकार आहे.

आम्ही त्यास पुन्हा लिहिले, या वेळी नरमाईने. किमतीविषयी आमचे मत विचारशील तर ती वाढेल असे दिसते : असे इंजिन पुन्हा कोणी बांधील अशी चिन्हे नाहीत, गाड्या वर्षागणिक कमी होत आहेत, आणि ज्यांनी पंधराव्या वर्षी त्यांची चित्रे भिंतीवर लावली ते आता पन्नाशीकडे झुकून पैसा बाळगून आहेत. मात्र एक लाख गाड्यांतील एक असल्याने तिला २०००-जीटीचे भाग्य लाभणार नाही. शिवाय एकेचाळीस हजार मैल झालेली तुझी गाडी काचेच्या कपाटास आधीच मुकली आहे. आणि त्या भिंतीवर चित्रे लावणाऱ्यांची पिढी सरल्यावर पुढच्यांस या आवाजाचे काय वाटेल, ते आज कोणी सांगू शकत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र वळणाची गोष्ट तिला सांग, एवढेच आम्ही लिहिले. किल्लीचे तुम्ही दोघे पाहा.

मार्च महिन्यात त्याचे पत्र आले. वळणाची गोष्ट त्याने सांगितली. मुलगी पुष्कळ वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “बाबा, मग तुम्हीच शिकवा.” रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या दुकानासमोरच्या मोकळ्या पटांगणात दोघे गेली. या गाडीस स्वयंचलित गिअर कधी मिळालाच नाही, त्यामुळे तासभर क्लचशी झटापट चालली. एकवीस वेळा इंजिन बंद पडले, असे त्याने मोजून लिहिले आहे. जाऊन-येऊन अकरा मैल झाले. परत येताना तो स्वतः चालवीत होता, ती शेजारी होती. रस्ता कोरडा आणि मोकळा दिसल्यावर त्याने सहा वर्षांनी प्रथमच इंजिन सहा हजारांच्या वर नेले. ती मोठ्याने हसली की ओरडली, हे त्या आवाजात त्यास कळले नाही.

त्याच वेळी पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून खडा उडाला आणि बॉनेटवरचा रंग गव्हाच्या दाण्याएवढा उडाला. रंग कारखान्यातला, मूळचा. तेथे नवा रंग लावावा की तसेच राहू द्यावे, असे त्याने विचारले आहे. त्या पत्राचे उत्तर आम्ही अद्याप लिहिलेले नाही.